कावळ्याचं नाव

मागच्या महिन्यात शिरूरच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवून पाठवला होता, ‘ब्लॉगलेखनाचे वैयक्तिक फायदे’. समोर शंभरेक मुलं होती. निम्मी हजेरीसाठी आलेली आणि उरलेली पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून. मी माईक हातात घेतला आणि खरं ते सांगितलं, की ब्लॉगचा मला झालेला पहिला फायदा म्हणजे माझे वडील माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. पोरं हसली. प्राचार्य हसले नाहीत. त्यांना आत्मविश्वास, भाषासमृद्धी आणि वेळेचं नियोजन असं काहीतरी हवं होतं. ते मी शेवटी दोन वाक्यांत उरकलं, शाल-नारळ घेतला आणि नदी ओलांडून घरी आले. येताना वाटलं, तिथं वीस मिनिटांत गुंडाळलेली गोष्ट एकदा नीट लिहून ठेवावी. आता बीपीची गोळी घेतली की नाही हे पाकीट उलटं करून बघावं लागतं, तेव्हा फार थांबण्यात अर्थ नाही.

आमचं गाव भीमेच्या काठावर, दौंड तालुक्याच्या अगदी कडेला. पलीकडच्या तीरावर शिरूर तालुका. त्यामुळं आमचं कार्यक्षेत्र दोन तालुक्यांत पसरलेलं आहे, असं माझे वडील, आप्पा, स्वतःच्या तोंडानं सांगायचे. कार्यक्षेत्र म्हणजे भाषणं. घरचा चार एकर ऊस होता, दोन म्हशी होत्या. पण ऊस पाटाच्या पाण्यावर वाढायचा आणि आप्पा माईकवर. आमच्या भागात लग्न असो की दहावं, भाषणांशिवाय तडीला जात नाही. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी आशीर्वादाची भाषणं, आणि दहाव्याला घाटावर महाराजांचं प्रवचन झालं की श्रद्धांजलीची. माजी सभापती, आजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेले दोघं-तिघं, आणि सगळ्यांत शेवटी समारोपाला आमचे आप्पा. ‘सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून’ हे वाक्य म्हणायचा मान त्यांचा. त्यांनी म्हटल्याशिवाय कुणी उठत नसे आणि कुणी घरी जात नसे.

सकाळी धारेच्या वेळी गोठ्यातून त्यांचा सराव ऐकू यायचा. चरवीत दुधाची धार वाजतेय, आई चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि आप्पा म्हशीला सांगतायत, “कैलासवासी ही व्यक्ती नव्हती, तो एक विचार होता.” कैलासवासींच्या पुढं एक जागा मोकळी असायची, तिथं त्या-त्या आठवड्याचं नाव बसायचं. घरात ते हाय-न्हाई करत बोलायचे, पण भाषणात शिरले की एकदम शुद्ध. आई म्हणायची, “म्हस कवाच पान्हा सोडून मोकळी झाली, ह्यांचा काय सुटंना.” आईची आणखी एक रीत होती. तिला राग आला की ती शेंगोळी करायची. हुलग्याच्या पिठाचे वळे तळहातावर असे काही रगडून वळायची, की आज नेमका कुणावर राग आहे ते न विचारता कळावं. शेंगोळी मात्र रागाच्या प्रमाणात चविष्ट व्हायची. लसणाचा ठसका, वर कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. आमच्या घरात भांडण झालं की मला आतून थोडा आनंद व्हायचा तो यामुळं.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीची बस दौंडला सोडायची आणि गावाकडं जाणाऱ्या एसटीला तास-दीड तास असायचा. स्टँडवर एकट्या पोरीनं तेवढा वेळ बसायचं म्हणजे चार नजरा अंगावर. म्हणून मी सलीमभाईंच्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागले. प्लायवूडच्या पाच खोपट्या, पडदे, आणि प्रत्येक कीबोर्डवर कुणीतरी सांडलेला चहा. तिथं मी एके दिवशी ब्लॉग उघडला. मराठीत टाइप करायला सलीमभाईंनी शिकवलं. त्यांना स्वतःला मराठी धड वाचता येत नव्हतं, पण सॉफ्टवेअर येत होतं. ब्लॉगचं नाव ठेवलं ‘घाटावरचा कावळा’. लिहिणाऱ्याचं नाव नुसतंच कावळा.

कावळा का, तर दहाव्याला घाटावर सगळ्यांत महत्त्वाचा पाहुणा तोच. पिंड मांडले की सगळे त्याची वाट बघत बसतात. तो शिवला नाही तर मयताची इच्छा राहिली म्हणायचं, मग पोरं हात जोडून कबूल करतात, बहिणीला जमिनीत वाटा देऊ, आईला सांभाळू, आणि कावळा शिवला की विसरतात. माझं पहिलं लिखाण म्हणजे या कावळ्याची मुलाखत. तो म्हणतो, मला भूक लागलेली असते हो, पण स्पीकरचा कर्णा माझ्या झाडालाच बांधलेला असतो, मी येऊ कसा? पुढं मी प्रत्येक दहाव्याची परीक्षणं लिहायला लागले. माजी सभापती कुणाचंही दहावं असो, तीन वाक्यांत मयतावरून उतरून आपण केलेल्या रस्त्यावर येतात. मग मी लिहिलं, या रस्त्याला एकदाची श्रद्धांजली वाहून टाका, म्हणजे तो तरी सुटेल. हळूहळू वाचणारे मिळाले. कुणी साताऱ्याचा शिक्षक, कुणी दुबईतला वायरमन. तो वायरमन लिहायचा, कावळेसाहेब, गावाकडं गेल्यासारखं वाटलं. मला कुणी साहेब म्हणायची ती पहिलीच वेळ. घरात माझं म्हणणं विचारायचे ते फक्त मीठ बरोबर आहे का एवढ्यापुरतं. इथं मात्र मी लिहिलं की चाळीस-पन्नास माणसं वाट बघत होती, आणि त्यातल्या एकालाही मी मुलगी आहे, बिनलग्नाची आहे, अमक्याची आहे हे माहीत नव्हतं. फार मजा यायची. चोरून चिंचा खाण्याची असते तशी.

मग तो दिवस आला. सकाळी आमच्याच घाटावर रंगाकाकांचं दहावं होतं. रंगाकाका गावातलेच, आप्पांच्या बरोबरीचे. आप्पांनी समारोप केला, दोन मिनिटं उभं केलं, शेवटचा चहा घेतला, आणि आई, आप्पा नि मी तसेच जीपनं एका लग्नाला निघालो. हायवेला कासुर्डीच्या अलीकडं मंगल कार्यालय होतं. आप्पांनी फक्त टोपी काढून फेटा बांधला. बाकी कपडे तेच. आशीर्वादाची भाषणं झाली, मुहूर्त टळून गेला, भटजींनी घड्याळ दाखवून दाखवून सोडून दिलं. सगळ्यांत शेवटी आप्पा उठले. माईक हातात घेतला, नवरदेवाकडं बघितलं, जरा थांबले, आणि स्वच्छ खणखणीत आवाजात म्हणाले, “कैलासवासी चिरंजीव सागर ही व्यक्ती नव्हती, तो एक विचार होता. त्यांच्या पवित्र स्मृतीस सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहावी.”

आणि मांडव उभा राहिला. हे मी आजही कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. पण आमच्या माणसांना त्या वाक्याची सवयच अशी, की कानावर पडलं की पाय आपोआप सरळ होतात. चारशे माणूस उठलं. हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. बँडवाल्यानं क्लॅरिनेट खाली केलं. आचारी मसालेभाताच्या पातेल्यामागं झारा धरून उभा राहिला. आणि बाशिंग बांधलेला नवरदेव पाटावर मान खाली घालून, हात जोडून स्वतःच्या स्मृतीला आदरांजली वाहत होता. अर्धा-पाऊण मिनिट तरी गेलं असेल. शेवटी बायकांतून आमच्या गावची भागूआत्या ओरडली, “आरं मुडद्यांनो, बसा खाली! लगीन हाय ह्ये!” तेव्हा कुठं लोक भानावर आले. लग्न लागलं, बुंदीही वाढली, पण नवरदेवाची आई अक्षता टाकण्याऐवजी डोळ्यांना पदर लावून बसली होती. आप्पा जेवले नाहीत. जीपमध्ये येताना खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी ते सगळं लिहून टाकलं. नाव घातलं नव्हतं; ‘आमच्या भागातले एक ज्येष्ठ स्तब्धकार’ एवढंच लिहिलं. एकटीच हसत लिहिलं. हसणं ऐकून सलीमभाईंनी पडदा सारून विचारलं, “क्या हुआ, मॅडम?” मी त्यांना वाचून दाखवलं. ते इतके खूश झाले, की मी एसटी पकडायला गेल्यावर त्यांनी त्याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढली आणि दुकानाच्या काचेवर चिकटवली. मी नंतर भांडले, तर म्हणाले, “पब्लिक खडा होके पढ रहा है, मॅडम. इज्जत की बात है.” काचेवरून त्याची झेरॉक्स निघाली, झेरॉक्स चहाच्या हॉटेलात गेली, तिथून दुधाच्या गाडीतून आमच्या गावात. नाव नव्हतं तरी शेंबडं पोरसुद्धा ओळखत होतं.

मला वाटलं होतं, चार दिवस हसतील आणि विसरतील. पण गावातल्या रिकाम्या पोरांना खेळ मिळाला. आप्पा चौकातून निघाले की पानटपरीवरची सात-आठ पोरं उठायची, टोप्या काढायची आणि मान खाली घालून ओळीनं स्तब्ध उभी राहायची. आप्पा वळणावर दिसेनासे झाले की खो-खो हसायची. पहिल्यांदा आप्पा हसले. दुसऱ्यांदा शिवी दिली. तिसऱ्यांदा वाट बदलली, आणि मग चौकात जाणंच सोडलं. दोन दहावी झाली, समारोपाला कुणी बोलावलं नाही. एका लग्नपत्रिकेत दर वेळी असतं ते त्यांचं नाव नव्हतं. आप्पांनी पत्रिका मागून-पुढून दोनदा बघितली आणि कोनाड्यात ठेवून दिली. सकाळी गोठ्यातून आता नुसती दुधाची धार ऐकू यायची. आईनं त्या महिन्यात शेंगोळी इतक्यांदा केली, की मला ती नकोशी झाली. “कोन ह्यो कावळा हाय त्येचं वाटोळं व्हईल,” असं म्हणत ती वळे रगडायची, आणि मी समोर बसून जेवायचे. मला स्वतःची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी ते लिखाण मला अजून आवडतही होतं. दोन्ही एकदम वाटतं, हे तेव्हा नव्यानं कळलं.

शेवटी एके सकाळी मी गोठ्यात गेले आणि म्हणाले, “आप्पा, त्यो कावळा मी हाय.”

“कंचा कावळा?”

“तुमच्यावर लिवणारा.”

त्यांनी धार काढायची थांबवली नाही. चरवी भरली, ती उचलून आत नेऊन ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. अकरा दिवस. समोरासमोर जेवायला बसायचे, पण चटणी हवी असली तरी आईला सांगायचे, “हिला म्हनाव, चटणी सरकव.” आईला हा अबोला कशाचा ते कळेना, आणि मी सांगायला धजावत नव्हते. ती दोघांवर चिडून शेंगोळी वळत राहिली. मी ब्लॉग बंद करायचं ठरवलं होतं. वायरमननं दोनदा विचारलं, कावळेसाहेब, आजारी आहात का?

बाराव्या दिवशी सकाळी आप्पा म्हशीकडं बघत म्हणाले, “काय काय लिवलंयस ते समदं आन. वाच.” माझ्याकडं सगळ्याच्या प्रिंट होत्या. मी पालथ्या बादलीवर बसून पहिल्यापासून वाचायला लागले. कावळ्याच्या मुलाखतीला ते नाकातून हसले. सभापतींच्या रस्त्याला तर इतके हसले की म्हैस बिचकली. मग त्यांचं आलं. मी कागद खाली केला. “वाच की, थांबलीस का?” मी वाचलं. शेवटापर्यंत.

“खोटं काय न्हाई,” ते म्हणाले. “झालं तसंच लिवलंयस. पर अर्धंच लिवलंयस, मने. सकाळी रंग्याचं दहावं केलं. दुपारी माईक हातात आला, नवरदेवाकडं बघितलं, तर बाशिंग बांधून रंग्याच बसलेला. त्येच्या लग्नातच मी पयल्यांदा बोललो व्हतो, माईक नव्हता तवा, खाटंवर उभा ऱ्हाऊन. तोंडातनं काय निघालं मला ठावं न्हाई. तू सकाळी बी तिथं व्हतीस, दुपारी बी तिथंच. एवढी मान्सं वळखून लिवतीस, आन् बापाचं तोंड दिसलं न्हाई तुला?”

मी आचाऱ्याचा झारा बघितला होता, क्लॅरिनेट बघितलं होतं, आणि जीपमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस बघितला नव्हता. मी रडायला लागले, तर आप्पा चिडले. “रडू नको. आजून एक ऐक. मी त्या माईकवर लई खोटं बोललोय. चोर मान्सांना देव केलंय. पर चारशे लोकांफुडं, तोंड दावून बोललोय. तू खरं लिवतीस, आन् तोंड लपवून. दोघांत कोन बरं, तूच सांग.” कॉलेजातल्या पोरांना भाषासमृद्धी सांगताना मला खरं तर हे सांगायचं होतं. ब्लॉगनं मला लिहायला शिकवलं म्हणतात, ते खरंच आहे. पण बघायला शिकवलं त्या सकाळी आप्पांनी, आणि ब्लॉग लिहिला नसता तर ती सकाळ आलीच नसती. त्या दुपारी मी रंगाकाकांबद्दल आणि खाटेवरच्या भाषणाबद्दल लिहिलं. खाली नाव मात्र अजून कावळ्याचंच होतं. तेवढी हिंमत झाली नव्हती.

मग भागूआत्या गेली, तीच ती लग्नात ओरडणारी. तिचा थोरला मुलगा आप्पांना बोलवायला आला. म्हणाला, “आईनं जाताना बजावलंय, माझ्या दहाव्याला आप्पाच बोलंल. दुसऱ्या कुनी तोंड उघडलं तर कावळ्याला शिवू देनार न्हाई.” आप्पा नको नको म्हणाले, पण मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. घाटावर तोबा गर्दी. पुढं सतरंजीवर सभापती आणि मंडळी, एका अंगाला आम्ही बायका, मागं झाडाखाली पानटपरीवाली पोरं. आप्पा माईकपाशी गेले मात्र, मागची पोरं उठली आणि मान खाली घालून उभी राहिली. लोक तोंड दाबून हसायला लागले. आई पुटपुटली, “त्या कावळ्याचं वाटोळं व्हवो.”

आप्पांनी पोरांकडं बघितलं. “बसा रं,” ते म्हणाले, “आजून येळ हाय. उभं ऱ्हायाचं म्या सांगतो.” माईकवर ते पहिल्यांदाच घरच्यासारखं बोलत होते. लोक मोकळं हसले. पोरं एकमेकांकडं बघत बसली. “म्या जित्या नवरदेवाला श्रद्धांजली वाहिली, ह्ये खरं हाय. भागूआत्यानं वरडून थांबवलं नसतं तर फेटा बांधलेल्याचं दहावं घातलं असतं म्या.” पुन्हा हशा. आता भागूआत्याच्या सुनाही हसत होत्या, डोळे पुसत. “ह्ये ज्यानं लिवलं त्यो कावळा कोन, म्हनून समदा तालुका इचारतोय. सभापती, तुमच्या रस्त्याचं बी त्यानंच लिवलंय.” सभापतींनी मान वळवून मागं बघितलं. “त्यो कावळा न्हाई. ती माझी पोरगी हाय. मने, ऊठ.”

चारशे माणसं वळली. आईनं माझा हात धरला. उठू नको म्हणून धरला की कावळा सापडला म्हणून धरला, कळलं नाही, कारण त्याच हाताला तिनं असा चिमटा काढला की आठवडाभर काळा-निळा होता. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “ऊठ की गं, दिसू दे की आमाला.” मी उठले. समोर माझ्या ब्लॉगवरची माणसं ओळीनं बसली होती, सभापती, सरपंच, चेअरमन, आणि मी त्यांच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं. आप्पांनी मला पुरतं उभं राहू दिलं, सगळ्यांनी नीट बघेपर्यंत.

“बघितलं?” ते म्हणाले. “इथनं फुडं हिचं काय चुकलं तर हिला इचारा, मला न्हाई. बस आता खाली, मने. आन् फुडचं नाव घालून लिव.”